सोळा वर्षांचे आयुष्य

मृकंडू ऋषींना मूलबाळ नव्हते. त्यांच्या तपाने शंकर प्रसन्न झाले आणि वर देताना त्यांनी एक पेच टाकला. मुलगा दीर्घायुषी पण मंद बुद्धीचा हवा, की गुणी, तेजस्वी, पण अवघ्या सोळा वर्षांचे आयुष्य घेऊन येणारा? ऋषींनी दुसरा निवडला. तोच मार्कंडेय. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा आपली दक्षिणेची वाट थोडा वेळ सोडून उत्तरेकडे वळते, त्या काठावर मार्कंड्याचे देवस्थान आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीतली माणसे तिथे लोटतात. त्या गर्दीत ही गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही. यम पाश टाकतो, पोर शिवलिंगाला घट्ट मिठी मारते, आणि सोळाव्या वर्षी संपायचे आयुष्य संपत नाही.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण देवाधर्माचे नाही, खेळाचे आहे. या दोन जिल्ह्यांत अंगात खेळ घेऊन जन्माला येणाऱ्या मुलांचे खेळाडू म्हणून आयुष्यही साधारण सोळाच वर्षांचे असते. आश्रमशाळेत असेपर्यंत ती अनवाणी धावतात, कबड्डीत चढाया करतात, खो-खोत खांबाजवळ सूर मारतात. चौदा वर्षांखालच्या, मग सतरा वर्षांखालच्या संघातून ती प्रकल्प पातळीवर खेळतात, नशीब असेल तर विभागापर्यंत जातात. ट्रंकेत दोन-चार प्रमाणपत्रे जमतात. मग दहावी होते. शाळा सुटते आणि शाळेबरोबर संघही सुटतो. मुलगा धानाच्या रोवणीला लागतो किंवा मजुरीसाठी तेलंगणाची वाट धरतो. मुलीच्या घरी पाहुणे येऊ लागतात. खेळाडू संपला, याची कुठे नोंदसुद्धा होत नाही. यमाला पाश टाकण्याचेही कष्ट पडत नाहीत.

रविवारी सकाळी हे वाचणाऱ्या अनेक घरांत चौदा-पंधरा वर्षांचे मूल असेल. त्याला बॅडमिंटनला नेऊन सोडणे, पोहण्याच्या वर्गाची फी भरणे, बूट लहान झाले की नवे आणणे, हे सगळे आपण करतो. त्या मुलाने पुढे खेळ सोडला तरी ते आपल्या निर्णयाने सोडते. झाडीतल्या मुलाच्या वाट्याला निर्णयच येत नाही. प्रश्न आहे तो इथे.

पाच जणांचे शिखर

या मुलांमध्ये ताकद आहे का, असा प्रश्न आता कोणी विचारू नये. त्याचे उत्तर मे २०१८ मध्ये मिळाले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकणारे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम अशी त्यांची नावे. मोहिमेचे नाव होते ‘मिशन शौर्य’. ऑगस्ट २०१७ मध्ये तयारी सुरू झाली. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख अशा टप्प्यांतून मुलांना गाळत गाळत दहा जणांचा चमू निवडला गेला आणि त्यातले पाच जण शिखरावर पोचले. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या आसपास खेळतो, जिथल्या मुलांनी बर्फ पाहिला तो फार तर गोळ्याच्या गाडीवर, त्या जिल्ह्यातली ही मुले नऊ-दहा महिन्यांच्या सरावावर ८,८४८ मीटर उंचीवर गेली. पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्यांची नावे घेतली, सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली. २०१९ मध्ये राज्यभरातल्या आश्रमशाळांतून मुले निवडून दुसरी मोहीमही निघाली आणि तीही यशस्वी झाली.

या मोहिमेची कल्पना शेजारून आली होती, हेही सांगायला हवे. २५ मे २०१४ रोजी, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या समाजकल्याण वसतिशाळांची मालावत पूर्णा ही मुलगी वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच एव्हरेस्टवर पोचली. तिच्याबरोबर साधनापल्ली आनंदकुमार हा त्याच शाळांतला मुलगा होता. आर. एस. प्रवीणकुमार हे पोलिस अधिकारी त्या वसतिशाळांचे काम पाहत होते. भोंगीरच्या प्रचंड खडकावर या मुलांनी पहिले धडे गिरवले. जिवतीच्या पहाडावरून तेलंगणा तसा हाकेच्या अंतरावर. पलीकडच्या यशाची ठिणगी अलीकडे पडली, हे चांगलेच झाले.

अशा मोहिमांवर टीका करणारे तेव्हाही होते. एवढ्या खर्चात किती शाळांना मैदाने झाली असती, कोवळ्या वयाच्या मुलांना आठ हजार मीटरच्या वर, जिथे हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच मिळतो, तिथे पाठवावे का, असे प्रश्न विचारले गेले. ते गैर नव्हते. पण त्या पाच जणांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली, तिचे मोल कमी लेखता येणार नाही. ‘आमच्या मुलांना हे जमायचे नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून आश्रमशाळेच्या व्हरांड्यात कोणालाही उच्चारता येत नाही.

तरीही मोहीम ती मोहीमच. ती निघते, फत्ते होते आणि संपते. मृकंडू ऋषींसारखाच पेच आपल्यासमोरही दरवेळी येतो. एक तेजस्वी पण अल्पायुषी पराक्रम हवा, की दिसायला साधा, बातमीत न येणारा, पण वर्षानुवर्षे चालणारा उद्योग हवा? आणि आपणही दरवेळी पहिलाच निवडतो. पराक्रमाचे छायाचित्र निघते. दर शनिवारी संध्याकाळी चार वाजता मैदानावर शिट्टी वाजते, याचे छायाचित्र कोण छापणार?

एका सामन्यासाठी दिवसभराचा प्रवास

शालेय स्पर्धांची आपली रीत पाहा. पावसाळा सरता सरता स्पर्धांचे परिपत्रक येते. भामरागड-एटापल्लीकडचे नाले अजून उतरायचे असतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे तर वर्तमानपत्रांनी दरसाल छापायचे वाक्य झाले आहे. त्यातून घाईघाईने संघ जमवायचा. दोन-चार दिवस सराव करायचा, गाडीत मुले बसवायची आणि स्पर्धेच्या ठिकाणी न्यायची. स्पर्धा बाद पद्धतीची. सोळा संघ आले तर आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी. दिवसभर प्रवास करून आलेले मूल चाळीस मिनिटे खेळते, हरते, जेवते आणि परतीच्या गाडीत बसते. त्याचा वर्षाचा हंगाम संपला.

सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा पंधरा सामन्यांत आटोपते. आयोजकांना ती सोयीची आहे, यात वाद नाही. पण जवळपासच्या आठ शाळांनी साखळी पद्धतीने खेळायचे ठरवले तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतात, हरणाऱ्यालाही सातच. पंधरा वर्षांच्या मुलाचा खेळ सुधारतो तो याच सात सामन्यांत. पहिल्या सामन्यात झालेली चूक दुसऱ्यात टाळायची, तिसऱ्यात समोरच्याने आपली युक्ती ओळखली की चौथ्यात नवी शोधायची. बाद पद्धत उत्तम संघ निवडते, पण संघ घडवत नाही. कुमार वयातल्या मुलांसाठी आपण निवडीची यंत्रणा उभी केली आणि घडवण्याची विसरलो, असे म्हणावे लागेल.

हंगाम म्हणजे काय, हे झाडीच्या माणसाला परक्याने शिकवण्याची गरज नाही. ते त्याने रंगभूमीवर करून दाखवले आहे. धान घरात आले, भाऊबीज झाली, मंडई भरू लागली की झाडीपट्टीत नाटकांचा मोसम सुरू होतो. वडसा-देसाईगंजात नाटक कंपन्यांची कार्यालये गजबजतात. गावोगावी शामियाने पडतात आणि रात्र रात्र नाटके चालतात, ती होळीच्या पुढेपर्यंत. शंकरपटाला आलेल्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी गावात नाटक ठेवायचे, ही या प्रथेची जुनी जोड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, पुढे राज्यात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. या सगळ्या चढउतारांत नाटक चालूच राहिले. २०२३ मध्ये या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येकांना अशी रंगभूमी अस्तित्वात आहे हे पहिल्यांदा कळले.

झाडीपट्टीत नट का घडतात? तिथे कोणती नाट्यप्रबोधिनी आहे म्हणून नव्हे. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत उभे राहायला रंगमंच मिळतो, समोर जाणकार प्रेक्षक असतो, आणि हाताशी मानधन पडते, म्हणून. आज भालदार झालेला पोरगा पाच हंगामांनी नायकाचा भाऊ होतो आणि दहा हंगामांनी नायक. तीच माती, तीच माणसे, तीच गरिबी. एका व्यवहारात हंगाम आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढाच फरक.

बोकडाचे बक्षीस

जंगलातल्या जिल्ह्याने खेळात काय करावे, याचा दाखला हवा असेल तर ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्याकडे पाहावे. तोही आदिवासी, तोही झाडांचा, खाणींचा आणि गरिबीचा. मिशनरी शाळांबरोबर त्या पट्ट्यात हॉकी आली आणि गावांनी ती आपली करून टाकली. शेजारच्या आजच्या झारखंडातले जयपालसिंग मुंडा हे १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधार होते, एवढी ही परंपरा जुनी. सुंदरगडच्या खेड्यांत बांबूच्या, झाडाच्या फांदीच्या काठ्यांनी मुले खेळत. गावोगावच्या सामन्यांत जिंकणाऱ्या संघाला बक्षीस काय, तर बोकड. विजेत्यांनी तो कापायचा आणि सगळ्या गावाने मिळून खायचा. बक्षीस खेळाडूच्या कपाटात न जाता गावाच्या पंगतीत जाते, तेव्हा तो खेळ गावाचा होतो.

या पायावर सरकारने १९८५ मध्ये राउरकेल्यातल्या पानपोश येथे क्रीडा वसतिगृह काढले. गावातली मुले निवडायची, तिथे ठेवायची, शिकवायची आणि रोज खेळवायची. सौनामारा या लहानशा गावचा दिलीप तिर्की या वाटेने पुढे गेला, भारताचा कर्णधार झाला, १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक खेळला, आणि २०२२ मध्ये देशाच्या हॉकी संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच सौनामाऱ्यातून पुढे अमित रोहिदासही भारतीय संघात आला. जानेवारी २०२३ मध्ये विश्वचषकाचे सामने राउरकेल्याच्या बिरसा मुंडा स्टेडियमवर झाले. आधी गावचा सामना, मग वसतिगृह, मग खेळाडू आणि सगळ्यात शेवटी स्टेडियम, हा क्रम नीट ध्यानात घ्यावा. आपण बहुधा स्टेडियमपासून सुरुवात करतो. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा बल्लारपूरला झाल्या, देशभरची मुले चंद्रपूर जिल्ह्यातल्या धावपट्टीवर धावली, ही अभिमानाचीच गोष्ट. आता त्या धावपट्टीपर्यंत कोरपना-जिवतीचे मूल वर्षातून किती वेळा पोचते, हे मोजायला हवे.

महाराष्ट्रातही दाखला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवरचे वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. तिच्या वाटेवर विजेंद्रसिंग नावाचे प्रशिक्षक नाशकात वर्षानुवर्षे पाय रोवून उभे होते, हे विसरता येत नाही. आज इथे, उद्या बदलीवर, असे ते नव्हते. मुलीला वयाच्या सोळाव्या वर्षी धरून ठेवणारा माणूस मिळाला.

बर्फावरचा धडा

‘मिशन शौर्य’ची मुले सरावासाठी लेहला गेली होती. त्याच लेहमध्ये डिसेंबर-जानेवारीत तळी गोठली की लहान मुलेमुली पायात स्केट बांधून आइस हॉकी खेळतात. नैसर्गिक बर्फाचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यात खेळून घ्यायचे. या भांडवलावर भारताच्या मुलींचा संघ उभा राहिला. त्यातल्या बहुतेक लडाखच्या. २०१६ मध्ये हा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेला तैपेईला गेला आणि हात हलवत परत आला. २०१७ मध्ये पहिला विजय मिळाला. २०२५ मध्ये अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक मिळवले. हंगाम दोनच महिन्यांचा असला तरी तो दरवर्षी येतो आणि हरलेल्या मुलींना पुढच्या वर्षी पुन्हा खेळायला मिळते, यावर नऊ वर्षांत हे घडले. आपल्याकडे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत कोरडी मैदाने आणि सोसणारे ऊन असते. लडाखच्या मुलींनी ते पाहिले तर हेवा करतील.

या खेळाचे माहेर कॅनडा. तिथे सोळा ते वीस या वयाच्या मुलांचे कुमार संघ हा मोठाच व्यवहार आहे. लहान लहान शहरांचे संघ असतात. दूरगावची मुले निवडली गेली की त्या शहरातली कुटुंबे त्यांना घरी ठेवून घेतात, जेवूखाऊ घालतात, शाळेत पाठवतात. पश्चिम कॅनडातल्या लीगचा एक नियम तर प्रत्येक आश्रमशाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवावा असा आहे. मुलगा जितके हंगाम संघाकडून खेळेल, तितक्या वर्षांच्या पुढील शिक्षणाचा खर्च त्याला मिळतो. या मुलांतून व्यावसायिक हॉकीत पोचतात ते फार थोडे. ते आधीच ठाऊक असल्यामुळे न पोचणाऱ्यांची सोय नियमात आहे. कुमार संघाची खरी परीक्षा इथेच होते. त्यातून किती जण वर गेले, हा अर्धा हिशेब. जे गेले नाहीत त्यांच्या हाती काय राहिले, हा उरलेला अर्धा. आपल्या दप्तरात हा दुसरा रकानाच नसतो.

याच कॅनडाच्या कुमार हॉकीने आणखी एक गोष्ट जगाला शिकवली. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले फार आणि वर्षाअखेरीस जन्मलेली थोडी, असे आढळले. वयोगटाची रेघ १ जानेवारीला ओढलेली असल्यामुळे जानेवारीचे मूल डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे, अंगाने भरलेले. निवडणाऱ्यांना ते ‘गुणी’ वाटते. त्याला जास्त सराव, चांगला प्रशिक्षक मिळतो आणि ते खरोखरच गुणी होते. आता आपल्या शाळेचे हजेरीपुस्तक उघडा. नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली मुले आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जन्मनोंदणी सुधारत असली तरी दुर्गम पाड्यांवरचा हा प्रश्न सगळा मिटलेला नाही. अशा ठिकाणी बाराव्या वर्षी कोण थोराड दिसतो, यावर संघ निवडणे म्हणजे निम्मे गुण बाहेर ठेवून दार लावणे होय. तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत कोणालाच गाळू नये, सगळ्यांना सगळे खेळ खेळू द्यावेत, हाच शहाणपणा.

आधी रक्त, मग मैदान

विदर्भाचा हा पट्टा सिकलसेलचा. आईवडिलांपैकी एकाकडून हा दोष आला तर मूल वाहक असते, दोघांकडून आला तर ते रुग्ण होते. वाहक मूल सहसा धडधाकट असते आणि सगळे खेळ खेळू शकते. पण कडक उन्हात, अंगातले पाणी कमी झालेले असताना त्याला एकदम दमछाक होईपर्यंत धावडवले, किंवा एकदम उंच पहाडावर नेले, तर धोका संभवतो. सराव हळूहळू वाढवणे, मधून मधून विसावा आणि पाणी देणे, बरे नसेल त्या दिवशी थांबवणे, एवढ्याने तो बराच टळतो. रुग्ण असलेल्या मुलाने काय खेळावे, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे. त्यात मुलींमधला रक्तक्षय आणि पावसाळ्यातला हिवताप यांची भर. म्हणजे संघाच्या निवडीआधी रक्ताची तपासणी, हा इथल्या क्रीडाविकासाचा पहिला धडा. त्यासाठी नवे काही शोधायचे नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासण्या होतातच. तो कागद क्रीडाशिक्षकाच्या हाती पोचला पाहिजे. आणि आहारात डाळ, अंडी, हिरव्या भाज्या नसतील तर सरावाने मूल घडत नाही, झिजते.

आता एक दृश्य. या दोन्ही जिल्ह्यांत कोणत्याही डांबरी रस्त्यावर पहाटे पाच वाजता जाऊन पाहावे. मुले धावत असतात. अंधारात, धुक्यात, गाड्यांचे दिवे चुकवत. मुलींचे घोळकेही असतात. ही पोलिस भरतीची तयारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. कोणी सांगितले नाही, प्रशिक्षक नाही, परिपत्रक नाही, तरी धावतात. कारण त्या धावण्याच्या टोकाला काहीतरी आहे. ‘आमची मुले चिकाटीने सराव करत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे. टोकाला काही दिसले तर झाडीचे मूल काट्याकुट्यांतून धावते. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत, दहावी-बारावीत खेळाचे वाढीव गुण आहेत. पण त्यासाठी लागणाऱ्या पातळीची स्पर्धा, तिचे अधिकृत प्रमाणपत्र, त्याची पडताळणी, ही वाट एटापल्लीच्या मुलाला कोण समजावून सांगणार? नियम मुंबईत आहे आणि मूल जंगलात, मधला माणूस नाही.

काय करता येईल? मागण्या फार मोठ्या नाहीत. दोन्ही जिल्ह्यांत आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प आहेत: गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर. प्रत्येक प्रकल्पात जवळजवळच्या शाळांचे गट करून, धान निघाल्यापासून होळीपर्यंत, दर आठवड्याला एक सामना होईल अशी साखळी आखावी. कबड्डी, खो-खो आणि धावणे एवढे तीन प्रकार पुरेत. यांना फार साहित्य लागत नाही. गावच्या मंडईच्या दिवशी सामना ठेवला तर प्रेक्षक बोलवावा लागणार नाही, आणि बक्षीस म्हणून बोकड ठेवला तर गाव आपण होऊन मैदान सारवून देईल. जिथे क्रीडाशिक्षक नाही तिथे शाळा सोडून गेलेल्या जुन्या खेळाडूला हंगामापुरते मानधन देऊन नेमावे. म्हणजे ज्याचे आयुष्य सोळाव्या वर्षी संपले, त्यालाही ते परत मिळेल. दहावीनंतर पुढे शिकणाऱ्या खेळाडूंसाठी दोन वर्षांचे वसतिगृह आणि खुराक बांधून द्यावा. पैसा नाही, हे कारण निदान या दोन जिल्ह्यांनी सांगू नये. इथल्या कोळशातून आणि लोहखनिजातून २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे निधी जमा होतो. तो खाणबाधितांच्या आरोग्यावर आणि शिक्षणावर खर्चायचा असतो. जमिनीखालचे काढून विकल्यावर जमिनीवरच्या पोरांकडे थोडे वळवले तर कोणाचे बिघडते?

‘ज्यांच्या ताटात पुरेसे अन्न नाही त्यांना खेळाचे काय कौतुक?’ असे विचारणारे सज्जन नेहमीच भेटतात. त्यांची कळकळ खोटी नसते. पण आपल्या मुलांच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारत नाही. आपल्या मुलाला आपण अन्नही देतो, शिक्षणही आणि खेळही. गरिबाच्या मुलानेच यातले एक निवडावे, असा नियम कोणी केला? शिवाय आश्रमशाळा म्हणजे शेकडो मुले एका आवारात चोवीस तास राहण्याची जागा. संध्याकाळी पाच ते सात या वेळात त्यांनी काय करायचे, याचे उत्तर कोणी दिले नाही तर ते दुसरे कोणीतरी देते. गडचिरोलीने ती किंमत चार दशके मोजली आहे. कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या हाती बंदुका आलेल्या या जिल्ह्याने पाहिल्या आहेत.

मृकंडू ऋषींनी तेजस्वी आणि अल्पायुषी मुलगा निवडला, त्यात त्यांचे चुकले असे कोणी म्हणत नाही. पण गोष्ट तिथे संपली असती तर मार्कंड्याला जत्रा भरली नसती. गुणी मुलाला आयुष्यही मिळाले, म्हणून ती गोष्ट टिकली. एव्हरेस्टवर गेलेल्या पाच मुलांचा देशाने जयजयकार केला, तो त्यांच्या हक्काचाच होता. शिखरापर्यंत न पोचलेले पाच, त्याआधी वर्ध्यात आणि दार्जिलिंगात गाळले गेलेले, आणि ज्यांना निवडीच्या रांगेत उभे राहायलाही मिळाले नाही अशी आश्रमशाळांमधली हजारो मुले यंदाही दहावीला बसतील. धान कापून होईल, मंडया भरतील, नाटकांचे तंबू पडतील. त्या तंबूशेजारी चुन्याने आखलेले कबड्डीचे एक मैदान असावे, आणि पुढच्या आठवड्यात सामना कोणाशी आहे हे संघातल्या सगळ्यात कच्च्या मुलालाही माहीत असावे, इतकेच आपले मागणे आहे.